एमआय-17 मध्ये 36 जागा असताना वरच्या चौकीवरून 11 जणच का येतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांचा मावसभाऊ लडाखमधील एका उंच चौकीवर तैनात आहे. सुट्टीवर निघण्याच्या दिवशी दुपारी हेलिपॅडवर एमआय-17 उतरले. आत दोन्ही बाजूंच्या बाकांवर भरपूर जागा दिसत होती, तरी 11 जणांना घेऊन ते निघून गेले आणि भावासह उरलेल्यांना दोन दिवस थांबावे लागले. माहितीपुस्तकांत मात्र हे हेलिकॉप्टर 36 सशस्त्र जवान किंवा चार टन माल नेते असे छापलेले असते. तेव्हा पुस्तकातला आकडा फुगवलेला आहे, की वैमानिकाने जागा उगाच रिकाम्या ठेवल्या?

या दोहोंपैकी काहीही झालेले नाही. मी वायुदलात आधी एमआय-8 वर आणि पुढे एमआय-17 वर वीस वर्षांहून अधिक काळ वैमानिक होतो, आणि हेलिपॅडवर मागे राहिलेल्या जवानांचे चेहरे मी अनेकदा पाहिले आहेत. त्यांना तेव्हा समजावून सांगायला वेळ नसे, कारण वर उतरल्यावर इंजिने चालूच ठेवावी लागतात आणि मिनिटामिनिटाला इंधन जळत असते. म्हणून ते स्पष्टीकरण येथे सविस्तर देतो.

सुरुवात समुद्रसपाटीपासून करू, कारण पुस्तकातला आकडा तेथला असतो. एमआय-17 च्या व्ही-5 या आवृत्तीचे उड्डाणाच्या वेळचे जास्तीत जास्त वजन 13,000 किलो असू शकते. रिकाम्या पण सुसज्ज हेलिकॉप्टरचे वजन साधारण साडेसात टन धरा. दोन वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर आणि त्यांचे सामान मिळून 300 किलो होतात. मुख्य टाक्या भरल्या तर इंधनाचे दोन टनांच्या आसपास होतात. आता वजाबाकी करून पाहा. मालासाठी उरतात 3,200 किलो. म्हणजे चार टन माल आणि पूर्ण टाक्या या दोन गोष्टी मुंबईतसुद्धा एकत्र नांदत नाहीत. चार टन न्यायचे असतील तर इंधन 1,200 किलोवर आणावे लागते, आणि हे यंत्र तासाला सात-आठशे किलो इंधन पिते. त्यातून परतीचे आणि राखीव इंधन बाजूला काढले, की चार टन घेऊन फार दूर जाता येत नाही हे ओघानेच आले. 36 जवानांचेही तसेच आहे. शस्त्र, दारूगोळा आणि पाठीवरची पिशवी यांसह एका जवानाचे वजन शंभर किलोच्या खाली क्वचितच असते. त्यामुळे किती भार न्यायचा हे बाकांच्या संख्येवरून ठरवता येत नाही. बाकीची सगळी वजने वजा केल्यावर जे शिल्लक राहते, तोच भार.

आता हेच हेलिकॉप्टर लेहला नेऊ. लेहची धावपट्टी सुमारे 3,250 मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांश असतो. उन्हाळ्यात दुपारी पारा 25 अंशांवर गेला, की एक घनमीटर हवेचे वजन जेमतेम 0.79 किलो भरते. मुंबईत 30 अंश तापमानाला तेच वजन सुमारे 1.16 किलो असते. रोटरची पाती हवा खाली ढकलूनच हेलिकॉप्टर उचलून धरतात, आणि ढकलायला हवाच एकतृतीयांश कमी असेल तर तेवढेच वजन तोलण्यासाठी साधारण पाचवा हिस्सा शक्ती जास्त लागते. जास्तीची शक्ती इंजिनाने द्यायची, तर इंजिन तीच विरळ हवा ओढत असते. त्यातून जाणारी हवा कमी, म्हणून त्यात जाळता येणारे इंधन कमी, म्हणून शक्ती कमी. त्यातच हवा गरम असली की टर्बाइनच्या तापमानाची मर्यादा लवकर गाठली जाते. थोडक्यात, मागणी वाढते आणि पुरवठा घटतो, आणि हे दोन्ही एकाच वेळी होते. डोंगरात हेलिकॉप्टर चालवणाऱ्याचे सगळे जगणे या कात्रीत जाते.

या कात्रीवरचा सरळ उपाय म्हणजे मोठे इंजिन, आणि या हेलिकॉप्टरच्या घराण्याचा इतिहास बराचसा तोच आहे. मिखाईल मिल यांच्या संस्थेने घडवलेले एमआय-8 पहिल्यांदा 1961 मध्ये उडाले. त्याच्या नेहमीच्या आवृत्तीत प्रत्येकी 1,500 अश्वशक्तीची दोन इंजिने होती. एमआय-17 मध्ये ती 1,900 अश्वशक्तीच्या पुढे गेली, आणि व्ही-5 मधील व्हीके-2500 इंजिन 2,400 अश्वशक्तीचे आहे. भारताने 2008 मध्ये 80 व्ही-5 चा करार केला. ती 2012 मध्ये वायुदलात रीतसर दाखल झाली आणि पुढे एकूण संख्या 151 वर गेली. एमआय-8 आपल्याकडे डिसेंबर 2017 पर्यंत उडत राहिले. जाता जाता सांगतो, लांबून ही दोन भावंडे ओळखायची असतील तर शेपटीकडे पाहावे. एमआय-8 चा शेपटीचा रोटर उजव्या बाजूला आहे, एमआय-17 चा डाव्या.

मोठ्या इंजिनाबद्दल एक गैरसमज असतो. 2,400 अश्वशक्तीचे इंजिन बसवले म्हणजे मुंबईत हेलिकॉप्टर त्या प्रमाणात जास्त वजन उचलेल असे वाटते, पण तसे होत नाही, कारण इंजिनाची शक्ती रोटरपर्यंत पोहोचवणारा मुख्य गिअरबॉक्स ठरावीक भारापलीकडे सोसत नाही. खाली ही जास्तीची शक्ती बांधून ठेवलेली असते. उंचीवर जुने इंजिन धापा टाकू लागते, त्या ठिकाणी नवे इंजिन बांधून ठेवलेली शक्ती सोडू लागते आणि गिअरबॉक्सला त्याच्या ऐपतीएवढे देत राहते. त्यामुळे व्ही-5 चा खरा फायदा पुण्यात उडवून कळत नाही. जुन्या एमआय-17 वरून मी पहिल्यांदा व्ही-5 वर गेलो तेव्हा खाली मला फारसा फरक जाणवला नव्हता. वरच्या हेलिपॅडवर कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढवणारा दांडा, ओढला, आणि रोटरचे फेरे कमी झाले नाहीत, तेव्हा पटले.

पुस्तकातला दुसरा फसवा आकडा 6,000 मीटरचा आहे. ही त्याची कमाल उंची खरी, पण पुढे वेगाने जात असतानाची. हेलिकॉप्टर एका जागी स्थिर राहते, ज्याला आम्ही हॉवर म्हणतो, तेव्हा त्याला सर्वांत जास्त शक्ती लागते. वेग घेतला की रोटरला सतत ताजी, न ढवळलेली हवा मिळते आणि तेच वजन कमी शक्तीत पेलते. म्हणून हॉवरची मर्यादा कितीतरी खाली असते. 11,100 किलो या नेहमीच्या वजनाला आणि प्रमाण तापमानाला ती चार हजार मीटरच्या आसपास आहे. प्रमाण तापमान म्हणजे त्या उंचीवर शून्याखाली 11 अंश. लडाखच्या उन्हाळी दुपारी तेथे प्रत्यक्षात शून्याच्या वर दहा-बारा अंश असू शकतात, आणि मग हवा आपण आणखी सात-आठशे मीटर वर असल्यासारखी वागते. लेहच्या धावपट्टीचेही तसेच. 25 अंशांना ती नकाशावर 3,250 मीटरवर असली तरी रोटरच्या लेखी सुमारे 4,300 मीटरवर असते.

मग चार हजार मीटरच्या वर आम्ही उतरतो आणि उडतो तरी कसे, हा पुढचा रास्त प्रश्न. येथे निसर्ग थोडी मदत करतो. जमिनीच्या अगदी जवळ असताना रोटरने खाली ढकललेली हवा जमिनीला अडते आणि हेलिकॉप्टरखाली जणू उशी तयार होते. या उशीवर टेकून राहायला मोकळ्या हवेतल्या हॉवरपेक्षा बरीच कमी शक्ती पुरते. एमआय-17 च्या रोटरचा व्यास 21 मीटरहून थोडा जास्त आहे. उंची तेवढ्याच्या पुढे गेली की उशी जवळजवळ संपते. पण तिला सपाट आणि पुरेशी रुंद जमीन लागते. कड्याच्या टोकावर दगड रचून केलेल्या हेलिपॅडवर ती अर्धीच मिळते, कारण उरलेली हवा दरीत निघून जाते.

दुसरी मदत चाकांची. एमआय-17 ला स्किड (पोटाखालच्या दोन आडव्या नळ्या) नसून चाके आहेत, आणि याचे महत्त्व बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. धावपट्टी असेल तर आम्ही हेलिकॉप्टर उभे उचलतच नाही. विमानासारखे पळवतो. ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या पुढे गेले की रोटरला ताजी हवा मिळू लागते, यंत्र अंगाखाली हलके झाल्याचे जाणवते आणि ते अलगद सुटते. अशा धावत्या उड्डाणात हॉवरला न झेपणारे वजन घेऊन निघता येते. पण जे वजन लेहहून असे पळवत उचलले, ते वर कसे उतरवायचे हा पेच उरतोच. वरच्या हेलिपॅडवर पळायला जागा नाही. तेथे शेवटचे काही क्षण हॉवर किंवा हॉवरसारखे काहीतरी करावेच लागते, आणि ती ताकद शिल्लक नसेल तर हेलिकॉप्टर हेलिपॅडवर टेकण्याऐवजी आदळते. म्हणून खालून निघताना भरलेले वजन वरच्या हेलिपॅडच्या हिशेबाने भरलेले असते.

हेच यंत्र समुद्रसपाटीवर किती वेगळे वागते याचे उदाहरण मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. 28 नोव्हेंबर 2008 च्या सकाळी कुलाब्यात नरिमन हाउसच्या गच्चीवर एनएसजीचे कमांडो दोरावरून उतरले, ते वायुदलाच्या एमआय-17 मधून. तेव्हा खाली सपाट जमीन नव्हती आणि पुढे जाण्याचा वेगही नव्हता, तरी दाट हवेत यंत्राला मोकळ्या हॉवरची शक्ती सहज होती. संकट होते ते गोळीबाराचे. भरलेल्या केबिनसह असाच हॉवर साडेचार हजार मीटरवर करा असे कोणी म्हटले, तर मी नम्रपणे नकार देईन.

कागदावरचा हिशेब प्रत्यक्षात तपासण्याची आमची रीत साधी आहे. निघण्यापूर्वी दोन-तीन मीटरवर हॉवर करायचा आणि तक्त्याने सांगितलेली शक्ती आणि प्रत्यक्ष लागणारी शक्ती पडताळून पाहायची. एमआय-17 मध्ये पाश्चात्त्य हेलिकॉप्टरांसारखा टॉर्क मीटर नाही. आम्ही इंजिनातील दाबाचे गुणोत्तर दाखवणारे उपकरण, पात्यांचा कोन आणि रोटरचे फेरे पाहतो. फेरे नेहमी 95 टक्क्यांच्या आसपास असावे लागतात. कलेक्टिव्ह ओढल्यावर ते पडू लागले तर इंजिनाकडे आणखी काही उरलेले नाही, आणि हट्टाने आणखी ओढले तर रोटर मंदावून हेलिकॉप्टर खालीच बसते. दोघा वैमानिकांच्या मध्ये बसलेला फ्लाइट इंजिनिअर या काट्यांवरून नजर काढत नाही. उंचीवर त्याचा एक शब्द कॅप्टनच्या आत्मविश्वासापेक्षा मोलाचा असतो, असे माझे मत आहे.

एकदा तंबू, रॉकेलचे जेरीकॅन आणि शिधा असा माल आमच्याकडे आला. वजनाचा कागद सोबत होता आणि तो अगदी नेटका भरलेला होता. हॉवरमध्ये फ्लाइट इंजिनिअर म्हणाला, ‘‘सर, मशीन जड आहे.’’ तक्त्यापेक्षा शक्ती स्पष्टपणे जास्त लागत होती. मी खाली टेकवले आणि सगळा माल उतरवून काट्यावर घातला. कागदावर लिहिलेले वजन कोरड्या तंबूंचे होते. ते रात्रभर पावसात उघड्यावर पडले होते आणि पाणी पिऊन प्रत्येक तंबू कितीतरी जड झाला होता. एकूण फरक दोनशे किलोंहून अधिक निघाला. कोणी लबाडी केली नव्हती, फक्त तंबू भिजलेले आहेत हे कागदाला ठाऊक नव्हते. त्या हॉवरकडे दुर्लक्ष केले असते, तर ही गोष्ट वरच्या हेलिपॅडवर शेवटच्या दहा मीटरमध्ये कळली असती.

शक्तीला आणखीही वाटेकरी असतात. धुळीच्या हेलिपॅडवर इंजिनाच्या तोंडाशी बसवलेले धूळरोधक चालू ठेवावे लागतात, आणि ते थोडी शक्ती खातात. बर्फ साचू नये म्हणून इंजिनातून गरम हवा काढली, की आणखी थोडी जाते. शेपटीचा रोटर सतत आपला वाटा घेतोच, आणि विरळ हवेत त्याचीही पकड कमी होते, त्यामुळे कधी इंजिनात शक्ती असूनही तो रोटर चालवणारे पायाखालचे पेडल शेवटाला टेकते आणि नाक वळू लागते. आपल्याकडे 2019 पासून आलेल्या चिनूक हेलिकॉप्टरला पुढे-मागे दोन मोठे रोटर आहेत, शेपटीचा रोटरच नाही, त्यामुळे त्याची जवळजवळ सगळी शक्ती वजन उचलण्याच्या कामी येते. मात्र चिनूक आपल्याकडे फक्त 15 आहेत, आणि त्याला उतरायला लागणारी जागा प्रत्येक चौकीपाशी मिळत नाही.

चिलखत आणि क्षेपणास्त्रांना चकवणारे फ्लेअर यांचे वजनही शेवटी मालातूनच वजा होते. कारगिलच्या युद्धात 28 मे 1999 रोजी तोलोलिंगजवळ आपले एक रॉकेटधारी एमआय-17 खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडले आणि त्यातील चारही जण हुतात्मा झाले. त्या हेलिकॉप्टरला फ्लेअरचे संरक्षण नव्हते. त्यानंतर या वजनाबद्दल कुरकुर करणारा वैमानिक मला भेटलेला नाही.

अमेरिकी ब्लॅक हॉक घेतले असते तर बरे झाले असते का, हेही प्रश्नात विचारले आहे. ब्लॅक हॉक उत्तम यंत्र आहे. व्हिएतनामच्या अनुभवानंतर 4,000 फूट उंची आणि 95 अंश फॅरनहाइट तापमान ही अट समोर ठेवून ते घडवले गेले, आणि चपळपणात व गोळीबार सोसण्यात ते एमआय-17 ला मागे टाकते. पण ते एका सेक्शनसाठी, म्हणजे 11 सशस्त्र जवानांसाठी, बेतलेले आहे. त्याची केबिन ठेंगणी आहे आणि त्याला मागचा रॅम्प नाही. अमेरिकेने अफगाण वायुदलासाठी आधी स्वतःच्या पैशाने एमआय-17 घेतली आणि नंतर त्यांच्या जागी ब्लॅक हॉक दिली, तेव्हा 2018 मध्ये तिच्याच महानिरीक्षकांच्या अहवालात नोंद झाली, की एका एमआय-17 चा भार न्यायला बहुधा दोन ब्लॅक हॉक लागतात आणि काही मोठा माल तर त्यांत मावतच नाही. पोती, ड्रम, जनरेटर, आजारी माणूस आणि सुट्टीवर निघालेली माणसे हे सगळे एकाच फेरीत न्यायचे असेल, तर एमआय-17 ची ओबडधोबड मोठी केबिनच उपयोगी पडते.

याच्याही वर, सियाचीनच्या टोकाच्या चौक्यांवर, एमआय-17 चे काम संपते आणि छोट्या चीता हेलिकॉप्टरचे सुरू होते. तेथे हवा मुंबईच्या निम्म्याहून जरा जास्त, एवढीच असते. चीता ज्या फ्रेंच लामावरून बनले, त्याने 1972 मध्ये 12,442 मीटर उंचीचा जागतिक विक्रम केला होता. तरी सर्वांत उंच चौक्यांवर ते एका फेरीत अनेकदा रॉकेलचा एखादा जेरीकॅन एवढाच माल नेते. एमआय-17 ची रिकामी बाके पाहून वाईट वाटलेल्यांनी त्या एका जेरीकॅनचाही विचार करावा.

आता भावाच्या त्या दुपारकडे येऊ. पुढचे आकडे त्या दिवसाचे नाहीत, समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण हिशेब असाच होतो. हेलिपॅड 4,600 मीटरवर आहे, दुपार आहे, आणि त्या तापमानाला तक्ता उड्डाणासाठी 10,200 किलो वजनाची परवानगी देतो. रिकामे हेलिकॉप्टर 7,500, आम्ही तिघे 300, दोर, साखळ्या आणि जगण्यासाठीचे आपत्कालीन सामान 200. इंधन 900 हवे, कारण लेहला परतायचे तर आहेच, पण खिंडीत ढग भरले तर वळसा घालून दुसऱ्या तळावर जाण्याइतके हाताशी असावे लागते. बेरीज झाली 8,900, उरले 1,300 किलो. सुट्टीचे सामान घेतलेला जवान 115 किलोचा धरला, तर 11 जणांचे 1,265 होतात. बारावा जवान आत आला की आकडा 1,380 वर जातो. म्हणून बारावा माणूस बाहेर राहतो, आत 25 जागा रिकाम्या असल्या तरी.

त्याच दिवशी दुसरी फेरी का झाली नाही, याचेही कारण आहे. दुपारनंतर उन्हाने तापलेल्या उतारांवरून दरीतला वारा उठतो, आणि काठावरच्या हेलिपॅडवर तो एका क्षणी वर उचलतो तर दुसऱ्या क्षणी खाली दाबतो. हिशेबात उरलेले 35 किलो अशा दाबापुढे टिकत नाहीत. म्हणून आम्ही शक्यतो पहाटेच निघतो. तेच हेलिकॉप्टर सकाळी सातला, हवा दहा अंश थंड असताना आले असते, तर बहुधा आणखी तिघांना घेऊन गेले असते.

भावाला पुढच्या सुट्टीसाठी एक निरोप द्यावा. आमच्याकडे लोखंडी काळी ट्रंक घेऊन येणारे जवान पुष्कळ असत. भरलेली ट्रंक तीस-पस्तीस किलोची होते, आणि अशा तीन ट्रंका मिळून एका माणसाची जागा खातात. ट्रंक आधीच रस्त्याने खाली पाठवून हातात फक्त पिशवी ठेवणाऱ्यांची रांग समोर असेल, तर फ्लाइट इंजिनिअर बोटांवर पुन्हा एकदा बेरीज करतो, आणि कधी कधी बाराव्यालाही हाताने आत बोलावतो.